दार धरून पाचशे चाळीस वॅट

१

खोक्यावरच्या टेपचं टोक दुमडलेलं होतं.

एवढंच. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. कुरिअरचा चेपलेला खोका, तपकिरी टेप, आणि टेप संपते तिथे अर्धा इंच दुमडून केलेली एक जीभ, उघडणाऱ्याला नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून. माझा दादा असं करतो. शाळेत वह्यांना कव्हरं घालायचा तेव्हापासून करतो. माझ्या फुटलेल्या गुडघ्याला पट्टी लावली तरी तिचं टोक दुमडायचा. "दुसऱ्याला सोपं जावं गं," म्हणायचा.

पण हा खोका दादाने पाठवला नव्हता. फोनवर त्याने स्वच्छ सांगितलं होतं, "मी ते कार्ड डोळ्यांनी बघितलेलंही नाही. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा फोटोग्राफर आहे. दोन महिने वापरलंय त्याने. थेट तुझ्याकडेच पाठवेल."

जगात टेप दुमडणारा माझा दादा एकटाच आहे का, असं मनाशी म्हणत मी ती जीभ धरून ओढली. टेप एका दमात निघाली.

कॉम्प्युटरचं हे कार्ड हवं होतं ते कामासाठी. ज्या खोल्या अजून बांधलेल्याच नाहीत त्यांची मी चित्रं करते. मॅडम घरं सजवायची कामं घेतात. त्यांच्या नकाशावरून मी कॉम्प्युटरमध्ये खोली उभी करते, भिंती, पलंग, पडदे, सगळं. मग ग्राफिक्स कार्ड त्या खोलीत उजेड कुठून येईल, कशावर आपटेल, सावली कुठे पडेल याचा हिशोब करतं आणि फोटोसारखं चित्र काढतं. त्याला रेंडर म्हणतात. माझं जुनं कार्ड एका रेंडरला सहा तास घ्यायचं, आणि मॅडमनी मला तीन महिने बघून मग कायम करायच्या बोलीवर घेतलं होतं. तिसरा महिना चालू होता. मी दादापाशी रडगाणं गायले आणि दोन तासांत त्याचा उलट फोन आला, कार्ड मिळालं म्हणून.

तीन वर्षं तो दुसऱ्या शहरात आहे. त्या तीन वर्षांत त्याने आपणहून मला केलेला तो पहिला फोन.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी सांगायला नको. घरात मला भागूबाईच म्हणतात. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. लहानपणी मला उघड्या दाराच्या मागच्या कोपऱ्याची भीती वाटायची. दादा रोज झोपायच्या आधी दाराची कडी धरायचा, मान वाकडी करून मागे डोकवायचा आणि म्हणायचा, "बघितलं. कोणी नाही." मग मी झोपायची. आई-बाबांचं तेच वाक्य चालायचं नाही. ते न बघताच म्हणायचे. दादा खरंच बघायचा.

२

कार्ड खाचेत टक् करून बसलं. दोन स्क्रू पिळले, वरून वीज देणाऱ्या वायरी खोचल्या. मशीन चालू झालं, पंखे फिरले, पडद्यावर चित्र आलं. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मग मॅडमची बेडरूम रेंडरला लावली. साधी खोली. एक पलंग, एक खिडकी, एक कपाट आणि डाव्या भिंतीत एक बंद दार. एकसष्ट टक्क्यांवर मशीन बंद पडलं. काही सूचना नाही, कसला आवाज नाही. कोणी मान मुरगळावी तसं.

परत लावलं. एकसष्ट. परत. एकसष्ट.

आमच्या गल्लीच्या टोकाला जिन्याखाली दुरुस्तीवाल्या काकांचं दुकान आहे. ते चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, पण हाताला डोळे आहेत.

"वायर कशी लावलीस?" त्यांनी विचारलं.

"एकच आहे. तिला पुढे दोन तोंडं आहेत, ती दोन्ही खोचली."

"झालं! एका नळाला दोन नळ्या जोडायच्या आणि दोन बादल्या एकदम भरत नाहीत म्हणून रडायचं. जा, दोन वेगळ्या वायरी लाव."

दोन वेगळ्या लावल्या. एकसष्ट. एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीत प्लग लावला. एकसष्ट. फ्रिज बंद केला, इस्त्रीची वायर काढली. एकसष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः आले आणि त्यांनी माझा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला पचेल अशी करून देणारा डबा, काढून त्यांचा मोठा लावला.

"हा साडेआठशे वॅटचा आहे," ते म्हणाले. "याच्या जिवावर असली दोन कार्डं नाचतील."

एकसष्ट टक्क्यांना मशीन बंद पडलं. काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मी तो तिथे कधीच पाहिला नव्हता.

"हे ठेव," म्हणाले आणि पिशवीतून प्लगसारखी एक डबी काढून माझ्या हातात दिली. भिंतीच्या आणि मशीनच्या मध्ये ती लावायची, म्हणजे किती वॅट वीज जातेय ते काचेवर दिसतं. "आकडे लिहून ठेव. कार्ड खोटं बोलेल, सॉफ्टवेअर खोटं बोलेल. मीटरला खोटं बोलता येत नाही, त्याला तेवढी अक्कलच नसते."

३

आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, त्या कार्डाचं काहीतरी वेगळंच आहे."

"झालं का सुरू?" ती चपला काढत म्हणाली.

"अगं, काय सुरू? मी अजून काही बोललेच नाही."

"दादा म्हणालाच होता. चार-आठ दिवस ही काहीबाही बोलेल, मशीन नवीन आहे, आवाज करतं, तुम्ही मनावर घेऊ नका म्हणून."

मला आधी हसू आलं. दादा ओळखतो मला. मग मी विचारलं, "कधी म्हणाला?"

"फोन आला होता की. मागच्या सोमवारी."

मागच्या सोमवारी कार्ड आलेलं नव्हतं. मागच्या सोमवारी मी त्याच्याकडे कार्ड मागितलंही नव्हतं. माझं रडगाणं बुधवारचं.

"आई, सोमवारीच कशावरून?"

"सोमवारी मला सुट्टी असते म्हणून. आता वकिली करू नकोस, पाणी दे."

आईला वार कधी नीट आठवत नाहीत. मी तिला पाणी दिलं. पण सोमवारची तिची सुट्टी मात्र खरी होती.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन मीटरसमोर जमिनीवर बसले. कॉलेजात शिकलेय मी. भीती वाटली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा लिहायचा, हे मला येतं.

खोलीतलं सगळं लपवून नुसत्या भिंती रेंडर केल्या. दोनशे दहा वॅट. चित्र पूर्ण. पलंग आणला, दोनशे तीस. कपाट, दोनशे पस्तीस. पडदे, उशा, सुरकुत्यांची चादर, दोनशे साठ. सगळी चित्रं शंभर टक्के पूर्ण. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करून आणला.

मग दार आणलं. मीटरने पाचशे चाळीस दाखवलं आणि मशीन मेलं.

मी तो आकडा लिहिला नाही. परत केलं. दार लपवलं, दोनशे साठ. दार दाखवलं, पाचशे चाळीस.

हे कसं सांगू? कॉम्प्युटरमध्ये माझ्या एका उशीला चाळीस हजार कोपरे आहेत. दार म्हणजे एक चपटा खोका, त्याला आठ. दाराचं कार्डाला ओझंच नाही. आणि त्या दारामागे काहीही नाही. अंधार आहे असंही नाही. दुसरी खोली नाही, बोळ नाही, भिंत नाही. मी तिथे काही काढलेलंच नाही. दारामागे कोणी नाही हे आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाला न विचारता शपथेवर सांगू शकत होते.

आणि कार्ड जवळजवळ तीनशे वॅट जाळून तिथलं काहीतरी मोजत होतं.

मी दाराशिवायचं चित्र मॅडमना पाठवून दिलं. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"छान झालंय. माणसं खिडकीतून जाणार-येणार का?"

"मॅडम?"

"दार कुठाय? क्लायंटचं सगळं लक्ष त्या दारावर आहे, गेले पंधरा दिवस मूठ कुठली लावायची यावर भांडतायत. उद्या चारपर्यंत दारासकट दे बाळा."

५

काकांना मी दाराचं सांगितलं नाही. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड तेवढं काढून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी आपल्या मशीनला लावून दोन तास तापवलं. एकदाही बंद पडलं नाही.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पण तुला हे कोणी म्हणालं दोन महिने वापरलंय? वर्षानुवर्षं चाललंय हे. जपलंयही जिवापाड, आतली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट नवी, धूळ नाही. आणि मग हे बघ."

त्यांनी कार्ड उलटं केलं. मागच्या काळ्या पत्र्यावर एक ओरखडा होता, शेवटी वळलेला, गळासारखा.

"पेचकस निसटला असेल," मी म्हटलं.

"निसटलेला असा खोल जात नाही. हे फोडायला कोणीतरी बसलं होतं. आणि मग त्याने विचार बदलला." काका हसले. "विकलेलं बरं, असा विचार केला असणार."

तो गळ मी पाहिला होता. कुठे ते काही केल्या आठवेना. आठवलं ते घरी येऊन कार्ड परत बसवताना.

मागच्या वर्षी आईने हट्ट धरला होता, तू राहतोस कसा ते तरी दाखव म्हणून. दादाने खोलीचा एक फोटो पाठवला होता. मी तो फोनमध्ये शोधून काढला. टेबल, टेबलावर काचेच्या बाजूचं मशीन, आत आडवं कार्ड. मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. काळा पत्रा, त्यावर गळ.

म्हणजे फोटोग्राफर नव्हताच. ऑफिसातला तो ओळखीचा नव्हता. ज्या माणसाने कार्ड डोळ्यांनी बघितलेलं नाही त्याच्या टेबलावर ते वर्षभर आधी होतं.

मी स्वतःला सांगितलं, असेल. आपलंच जुनं दिलं हे सांगायला त्याला संकोच वाटला असेल. भावाबहिणीत असतं असं. मी फोटो बंद करणारच होते, तेवढ्यात मशीनच्या मागे मला त्याच्या आतल्या खोलीचं दार दिसलं.

आईने तेव्हाच विचारलं होतं, "दाराला टेप कशाला रे लावलीस?" तो म्हणाला होता, "धूळ येते आतून." आम्ही विसरून गेलो होतो. दाराच्या फटीवर चारही बाजूंनी तपकिरी टेपचे तुकडे होते. एकावर एक, कितीतरी. मी अजून मोठं केलं. चित्र फुटायला लागलं, तरी कळत होतं.

प्रत्येक तुकड्याचं टोक दुमडलेलं होतं.

६

मी त्याला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. मेसेज टाकला, "दादा, कार्ड तुझंच आहे ना?" त्याने तो वाचला. खाली दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

शहाण्या मुलीने इथे प्लग काढला असता. पण चार वाजता चित्र द्यायचं होतं, जुन्या कार्डाला सहा तास लागले असते, आणि दुसरं असं की मला दादा खोटा ठरायला नको होता. एवढं एक चित्र पूर्ण झालं, दार नुसतं दार निघालं, तर बाकी सगळ्याला मी काहीतरी कारण शोधलं असतं. शोधून काढते मी. भित्र्या माणसाला कारणं खूप लागतात.

कार्डाला एक वेसण घालता येते. सॉफ्टवेअरमध्ये जाऊन सांगायचं की तुला लागतील त्याच्या निम्मेच वॅट मिळतील, मग सावकाश कर. मी पन्नास टक्क्यांवर आणलं. मीटर दोनशे ऐंशीला जाऊन थबकलं. चित्र साठ टक्क्यांवर आलं. एकसष्ट. बासष्ट.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी चित्र पूर्ण झालं. पलंग सुंदर, उजेड सुंदर. दार दोन बोटं उघडं होतं.

मी फाइल तपासली. फाइलमध्ये दाराच्या बिजागरीचा कोन शून्य. दार बंद. मी परत रेंडर केलं. आता हातभर उघडं. फाइलमध्ये शून्य.

अशा सावकाश केलेल्या चित्राला अंधारात दाणे येतात, रवाळ होतं ते. दाराच्या फटीत नुसते राखाडी दाणे होते. त्या दाण्यांत माणसाला काहीही दिसू शकतं, ढगात हत्ती दिसतो तसं. हे मला माहीत आहे. म्हणून मी खुर्ची मागे सरकवली, भिंतीला टेकवली आणि लांबून बघितलं.

दाण्यांमध्ये कोणीतरी कडी धरून मान वाकडी केली होती.

हल्ला करायच्या बेतात असल्यासारखं ते नव्हतं. घाई नव्हती. ती मान मी हजार वेळा पाहिली होती, पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन. दाराच्या त्या बाजूने कोणीतरी या बाजूच्या खोलीत कोणी आहे का, ते बघत होतं. नीट बघत होतं. आई-बाबांसारखं न बघता म्हणणाऱ्यातलं ते नव्हतं.

मी मशीन बंद केलं. पंखे थांबले, पडदा काळा झाला, कार्डाचा दिवा विझला. खोलीत इतकी शांतता झाली की शेजारच्या घरात भांडी घासल्याचं ऐकू येत होतं. मग माझी नजर मीटरवर गेली.

दोनशे ऐंशी.

बंद मशीन दोन-तीन वॅट घेतं. मी बघत असताना आकडा हलला. दोनशे नव्वद. तीनशे दहा. वेसण सुटली होती.

मी प्लग उपटला. मीटर भिंतीतच राहिलं. त्याच्यापुढे आता काहीच जोडलेलं नव्हतं, आणि त्याला खोटं बोलायची अक्कल नव्हती. तीनशे पन्नास.

७

दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर ऊन होतं, कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती. सगळं इतकं रोजचं होतं की मला रडायला आलं.

मी उठून माझ्या खोलीचं दार लावलं. कडी घातली. मग त्याच्याकडे पाठ करायचा धीर होईना आणि तोंड करायचाही होईना, म्हणून कडेच्या भिंतीला टेकून बसले. आईला फोन लावला. तिच्या खिडकीवर गर्दी होती.

"आई, घरी ये."

"काय झालं?"

काय सांगणार होते? "ते कार्ड..."

"अगं, दादाने सांगितलंच होतं ना, आवाज करतं ते? इथे शंभर माणसं उभी आहेत. झोप जरा." आणि मागे कोणाला तरी, "तुमचा नंबर चौऱ्याहत्तर, बसा."

फोन बंद. तेव्हा मला ते पूर्ण कळलं. कळायला इतका वेळ लागायला नको होता.

त्याला ते मोडता आलं नाही. म्हणून ते दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं होतं. ऑफिसात कोणाला दिलं असतं तर त्या माणसाने चार दिवसांत आरडाओरडा केला असता, लोकांनी ऐकलं असतं, खोका परत आला असता. म्हणून त्याने असं घर शोधलं जिथे आरडाओरडा झाला तरी कोणी मान वर करून बघणार नाही. मला कार्ड हवंय हे मी सांगायच्या आधी त्याने आईला तयार केलं. माझ्या भित्रेपणाला सगळे हसायचे, तो एकटा हसायचा नाही. तो नीट बघायचा. किती, कशाला, कधी, हे त्याला सगळं पाठ होतं. मला वाटायचं ती माया आहे.

आणि खोक्याच्या टेपचं टोक त्याने दुमडलं. दुसऱ्याला सोपं जावं.

मी त्याला फोन लावत राहिले. अकरा वेळा. प्रत्येक वेळी पूर्ण वाजून थांबायचा. मी काय बोलणार होते ते पाठ केलं होतं. शिव्या पाठ केल्या होत्या. मग त्या विसरले आणि एवढंच उरलं की त्याने म्हणावं, बघितलं, कोणी नाही. खोटं म्हणाला तरी चालेल. न बघता म्हणाला तरी चालेल.

माझ्या जागेवरून मीटर दिसत होतं. चारशे ऐंशी. पाचशे पाच.

दार उघडल्याचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. काकांना नाही, मॅडमना नाही, आईला नाही. त्याला टाकलेल्या मेसेजातही दाराचा शब्द नव्हता.

बाराव्यांदा लावला. पाचशे अडतीस. स्कूटर अखेर चालू झाली आणि लांब गेली. कडेला, जिथे मी बघत नव्हते तिथे, कडी एकदा हलकेच वाजली. वाऱ्याने वाजते ती कधीकधी. खिडकी बंद होती.

फोन उचलला गेला.

तो हॅलो म्हणाला नाही. काय गं, म्हणाला नाही. मग झोपायच्या आधी बोलायचा त्या जुन्या, मऊ, समजूतदार आवाजात त्याने विचारलं,

"दार किती उघडलंय, भागूबाई?"